मनोरुग्णाचे अपंगत्व : दाखला, अनुदान आणि कुटुंब निवृत्तिवेतन

नागपूर शहराच्या उत्तर भागात छिंदवाडा मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय उभे आहे. मध्य प्रांताच्या काळात, १८६४ साली, ही संस्था स्थापन झाली. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांबरोबर राज्याच्या मानसिक आरोग्यसेवेचा हा एक जुना आधार होय. संस्थेच्या नावातील 'वेड्यांचे इस्पितळ' हे शब्द केव्हाच गेले. परंतु जवळचा चौक लोकांच्या तोंडी अद्यापि 'पागलखाना चौक'च राहिला आहे. मनोविकार ही भिंतीआड ठेवण्याची बाब आहे, ही जुनी समजूत त्या नावात टिकून राहिली आहे म्हणावयाचे.

वस्तुस्थिती निराळी आहे. दीर्घकालीन मनोविकाराने ग्रासलेल्या व्यक्तींपैकी फार मोठा भाग आज रुग्णालयात नव्हे, तर घरातच राहतो. त्यांना वेळेवर गोळ्या देणे, रात्री अपरात्री सांभाळणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत घालणे हे सारे आई, वडील, पत्नी किंवा थोरली बहीण करीत असते. मुलगा पस्तिशी ओलांडतो, वडील सत्तरीकडे झुकतात आणि मग एकच प्रश्न घरात घर करतो : आमच्यामागे याचे कसे होणार? या प्रश्नाला शासकीय योजना व कायदे यांनी काही अंशी उत्तर दिलेले आहे. ते उत्तर पदरात पडते की नाही, हे पुष्कळदा कुटुंबाने कोणती गोष्ट कोणत्या वेळी केली यावर अवलंबून असते.

कायद्याने मान्य केलेले अपंगत्व

मनोविकार हेही अपंगत्व होऊ शकते, ही गोष्ट आपल्या कायद्याने प्रथम १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात मान्य केली. त्या अधिनियमाच्या सात प्रकारांत मनोविकाराचा समावेश होता. पुढे त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या कायद्यात प्रकारांची संख्या एकवीस झाली आणि मनोविकाराचे स्थान कायम राहिले. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. छिन्नमनस्कता, उन्माद-अवसादाचा विकार, तीव्र स्वरूपाचा मंत्रचळ, स्मृतिभ्रंश यांसारख्या व्याधींनी पीडित व्यक्तींना असा दाखला मिळू शकतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मनोविकार व बौद्धिक दिव्यांगता (जिला पूर्वी मतिमंदता म्हणत) या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चांगली चाललेली बुद्धी व वर्तन आजारामुळे बिघडते. दुसरीत बौद्धिक वाढच मर्यादित राहिलेली असते. व्यवहारात मात्र दोन्हींना सर्रास 'मानसिक' म्हटले जाते आणि चुकीच्या खिडकीवर हेलपाटे घडतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली मिळणारे पालकत्व व 'निरामय' आरोग्य विमा हे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता यांच्यापुरतेच आहेत. मनोरुग्णास ते लागू नाहीत. शेजारच्या मतिमंद मुलाला जे मिळाले तेच आपल्या मुलासाठी मागावयास गेलेल्या पालकास नकार मिळतो तो यामुळे. तो नकार कचेरीचा आडमुठेपणा नसून कायद्याचीच मर्यादा आहे, आणि ती मर्यादा योग्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

आजार मोजला जात नाही, त्याचा परिणाम मोजला जातो

हातपाय गमावलेल्या माणसाचे अपंगत्व डोळ्यांना दिसते. मनोरुग्णाचे अपंगत्व मोजावयाचे कसे? यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एक मोजपट्टी तयार केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयडियाज' म्हणतात. केंद्र शासनाने ती २००२ साली स्वीकारली आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही कायम ठेवली.

या पट्टीत चार बाबी तपासल्या जातात. पहिली स्वतःची निगा : अंघोळ, कपडे, जेवण, स्वच्छता. दुसरी माणसांशी संबंध. तिसरी बोलणे व समजणे. चौथी काम, मग ती नोकरी असो, घरकाम असो वा शिक्षण. प्रत्येक बाबीला शून्य ते चार गुण असतात. अडचण जितकी अधिक तितके गुण अधिक. या बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवितात : दोन वर्षांहून कमी असल्यास एक, दोन ते पाच वर्षे असल्यास दोन, सहा ते दहा वर्षांस तीन, आणि दहा वर्षांवरील आजारास चार. एकूण वीसांपैकी एक ते सहा गुण आले तर अपंगत्व ४० टक्क्यांखाली धरतात. सात ते तेरा म्हणजे मध्यम, ४० ते ७० टक्के. चौदा ते एकोणीस म्हणजे तीव्र. सारा प्रश्न सहा आणि सात यांमधील त्या एका गुणाचा असतो.

समजा, नऊ वर्षे आजारी असलेल्या एका तरुणास वडील तपासणीस घेऊन आले. "अंघोळ करतो का?" या प्रश्नास वडील "हो, करतो" असे सांगतात. घरची अब्रू म्हणून म्हणा किंवा सवयीने म्हणा, तो दिवसातून तीनदा सांगितल्याशिवाय न्हाणीघरात पाऊल टाकीत नाही, ही गोष्ट त्यांच्या तोंडून निघत नाही. माणसांत मिसळतो का, तर "थोडे कमी". बोलतो का, तर "विचारले तर नीट बोलतो". काम? "दोन नोकऱ्या सुटल्या". अशा उत्तरांवर निगेस शून्य, संबंधांस एक, संवादास शून्य व कामास दोन, अशी तीनाची बेरीज होऊ शकते. कालावधीचे तीन मिळवून सहा. अर्ज तेथेच थांबला.

हाच तरुण, हाच आजार. वडिलांनी असे सांगितले की, आठवण केल्याशिवाय तो अंघोळ करीत नाही व कपडे बदलीत नाही. गेली चार वर्षे एकाही लग्नकार्यास गेला नाही व घरी पाहुणे आले की खोलीचे दार लावून घेतो. साधा निरोपही पुरता पोचवू शकत नाही. आणि कोणतेही काम आठवड्यापलीकडे टिकत नाही. आता निगेस दोन, संबंधांस दोन, संवादास एक व कामास तीन मिळून आठ, कालावधीचे तीन धरून अकरा. येथे काहीही वाढवून सांगितलेले नाही. फक्त घरातील माणसे रोज जो भार मुकाट्याने उचलतात तो उघड केला आहे. रुग्णाचे जे काम दुसरा करतो, ते रुग्णाला येते असे धरावयाचे नाही, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानात येत नाही. मातेने वर्षानुवर्षे केलेली सेवाच अशा रीतीने मुलाच्या दाखल्याच्या आड येते.

तपासणीच्या दिवशी मुलाला स्वच्छ दाढी करवून, इस्त्रीचा सदरा घालून नेण्याची रीतही जनात आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु ही तयारी कोणी व किती वेळ खपून केली ते वैद्यकीय अधिकाऱ्यास सांगावे. याच्या उलट, आजार अधिक दिसावा म्हणून तपासणीपूर्वी औषध बंद करण्याचा सल्ला काही शहाणे देतात. तो धोक्याचा आहे. औषध थांबविल्याने उलटलेला आजार पूर्वस्थितीवर आणण्यास महिने लागतात, आणि दाखल्यासाठी त्याची मुळीच गरज नसते, कारण तज्ज्ञ एका दिवसाची नव्हे तर दीर्घ काळाची अवस्था पाहतात. त्यासाठी रुग्णाइतकेच त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाचे म्हणणे नोंदविले जाते.

या दीर्घ काळाचा पुरावा म्हणजे कागद. मेडिकल, मेयो किंवा मनोरुग्णालय, जेथे उपचार झाले असतील तेथील बाह्यरुग्ण विभागाचे जुने केसपेपर, औषधचिठ्ठ्या, भरती व सुट्टीची कार्डे वर्षवार लावून ठेवावी. पहिली चिठ्ठी सर्वांत मोलाची, कारण आजाराचा कालावधी तिच्यावरून ठरतो. मधल्या काळात देवऋषी वा बाबांकडे गेलेली वर्षे कागदावर कोठेच उमटत नाहीत.

दाखला कसा मिळतो

१ जून २०२१ पासून देशभर अपंगत्वाचे दाखले केवळ 'स्वावलंबन' या केंद्रीय संकेतस्थळावरूनच दिले जातात. त्याबरोबर 'यूडीआयडी' हे वैश्विक ओळखपत्रही मिळते. अर्जासोबत छायाचित्र, आधार व रहिवासाचा पुरावा जोडून जिल्ह्यातील प्राधिकृत रुग्णालय निवडावयाचे असते. ज्यांना स्वतः संगणक हाताळता येत नाही त्यांनी नागरी सुविधा केंद्राची मदत घ्यावी. रुग्ण स्वतः अर्ज करू शकत नसल्यास त्याचा विधिवत पालक त्याच्या वतीने तो करू शकतो. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांखालील अपंगत्वास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे व ८० टक्के आणि त्यावरील अपंगत्वास निळे ओळखपत्र दिले जाते, आणि दाखल्याचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे. निर्णय मान्य नसल्यास नव्वद दिवसांच्या आत अपील करता येते. सहा गुणांवर अडलेल्या कुटुंबाने ही मुदत वाया घालवू नये.

संजय गांधी निराधार अनुदान योजना

महाराष्ट्र शासनाने १९८० साली सुरू केलेली ही योजना गरीब कुटुंबातील मनोरुग्णास सर्वांत जवळची आहे. १८ ते ६५ वयोगटातील, राज्यात किमान पंधरा वर्षे रहिवास असलेल्या दिव्यांग व्यक्तीस तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत अर्ज करता येतो. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० रुपये करण्यात आले. केंद्राच्या २००९ च्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी मात्र अपंगत्व ८० टक्के व कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते.

अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. दिव्यांगांसाठी ती वार्षिक ५०,००० रुपये ठरविण्यात आली, म्हणजे साऱ्या कुटुंबास महिन्याला सव्वाचार हजारांहूनही कमी. हिंगण्याच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या बापाचे उत्पन्नही यापुढे सहज जाते. मनोरुग्णाच्या औषधांचा व त्याला सांभाळण्यासाठी घरी बसलेल्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब या अटीत कोठेच नाही. अट शिथिल होईपर्यंत तिच्यात बसणाऱ्या कुटुंबांनी तरी अर्जावाचून राहू नये. अनुदान मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. रुग्ण घर सोडून निघून गेला किंवा रुग्णालयात भरती झाला तर नेमका हाच दाखला चुकतो व अनुदान बंद पडते. तेव्हा त्याची तारीख रुग्णाने नव्हे, कुटुंबाने ध्यानात ठेवावी.

वडिलांचे निवृत्तिवेतन मुलाच्या पुढील आयुष्यासाठी

नागपूर हे कचेऱ्यांचे शहर आहे. राज्य शासन, रेल्वे, डाकखाते, संरक्षण साहित्य कारखाना यांतून निवृत्त झालेली हजारो कुटुंबे येथे राहतात. या कुटुंबांना संजय गांधी योजना उत्पन्नामुळे बंद असते. परंतु त्यांच्यापाशी तिच्याहून मोठा आधार असतो आणि त्याची माहिती अनेकांना नसते.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ कुटुंब निवृत्तिवेतनाविषयी आहे. मनोविकृतीमुळे वा अपंगत्वामुळे उपजीविका मिळविण्यास असमर्थ असलेल्या मुलास किंवा मुलीस वयाची मर्यादा ओलांडल्यावरही हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद त्यात आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम ५० मध्येही तशीच सोय आहे. क्रम असा की, कर्मचाऱ्यानंतर हे वेतन प्रथम पतीस वा पत्नीस, मग वयोमर्यादेतील अन्य मुलांस, आणि त्यानंतर अपंग अपत्यास मिळते. केंद्राच्या नियमांत अपंगत्व तात्पुरते असल्यास दर पाच वर्षांनी प्रमाणपत्र लागते. कायमचे असल्यास एकदाच पुरते. अपत्याच्या स्वतःच्या उत्पन्नावरही मर्यादा आहे. केंद्राने ती २०२१ मध्ये बरीच सैल केली : मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के व त्यावरील महागाई दिलासा मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा उत्पन्न कमी असले म्हणजे झाले.

पुष्कळ घरांत घोळ होतो तो असा. निवृत्तीच्या वेळी कुटुंबाचा तक्ता भरताना मुलगा आजारी असल्याची नोंद केली जात नाही. लोकांना कळेल, धाकटीच्या लग्नात अडचण येईल, हा विचार असतो. पुढे आईवडील दोघेही जातात आणि चाळिशीतला रुग्ण, ज्याच्या हातात ना दाखला ना नोंद, भावाच्या किंवा बहिणीच्या दारात येतो. तेव्हा आजार आईवडिलांच्या हयातीत होता, हे सिद्ध करण्याचे काम जुन्या चिठ्ठ्यांवर येऊन पडते आणि त्या तर केव्हाच रद्दीत गेलेल्या असतात. हे टाळण्याचा मार्ग साधा आहे. वडील हयात असतानाच दाखला काढावा, त्याची प्रत ज्या कार्यालयातून निवृत्ती झाली तेथे लेखी अर्जाने द्यावी आणि अपत्याचे नाव कुटुंबाच्या तपशिलात 'अपंग अपत्य' म्हणून नोंदवून घ्यावे. विदर्भ व मराठवाड्यातील राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची प्राधिकारपत्रे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतात. अर्ज कार्यालयप्रमुखामार्फत तेथवर पोचल्याची पोच जपून ठेवावी.

खाजगी कारखान्यातील कामगारांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही मृत सभासदाच्या कायमच्या व पूर्णतः अपंग अपत्यास वयाची अट न लावता वेतन देण्याची तरतूद आहे. येथे 'पूर्णतः' या शब्दामुळे मनोरुग्णाचा दावा अधिक कठीण होतो, एवढे खरे.

पैसा आला, सही कोणाची?

पूर्वीच्या १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याचे एक सविस्तर प्रकरण होते. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने तो कायदा रद्द केला. मात्र त्या प्रकरणाची जागा घेणारे काही नव्या कायद्यात आले नाही. नव्या कायद्यातील 'नामनिर्देशित प्रतिनिधी' हा उपचाराच्या निर्णयांपुरता असतो. बँकेत त्याच्या सहीला अर्थ नाही. हा फरक न कळल्याने अनेक नातेवाईक प्रतिनिधीचा कागद घेऊन बँकेत जातात व रिकाम्या हाती परततात.

यावर दोन वाटा आहेत. पहिली अशी की, रुग्णाचे खाते त्याची प्रकृती ठीक असतानाच त्याच्या सहीने उघडावे. मनोविकाराचे निदान झाले म्हणजे माणूस करार करण्यास अपात्र ठरला, असे कायदा मुळीच म्हणत नाही. २०१७ च्या अधिनियमात हे स्पष्ट नमूद आहे, आणि १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातही एरवी अस्वस्थ असलेल्या परंतु अधूनमधून स्वस्थचित्त होणाऱ्या माणसास त्या स्वस्थ काळात करार करता येतो असे म्हटले आहे. औषधांवर स्थिर असलेला रुग्ण खाते उघडू शकतो, अर्जावर सही करू शकतो व आईसोबत संयुक्त खाते ठेवू शकतो.

दुसरी वाट २०१६ च्या अधिनियमातील कलम १४ ची, म्हणजे 'मर्यादित पालकत्वा'ची. जिल्हा न्यायालय, किंवा शासनाने नेमलेले प्राधिकरण, ठराविक कामासाठी व ठराविक काळासाठी पालक नेमू शकते. त्याने रुग्णाशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावयाचे असतात. वकिलाच्या खर्चाची धास्ती येथे बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीस उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते आणि त्यासाठी नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

इतर सवलती व दाखल्याची मुदत

४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर राज्य परिवहनच्या साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. जुनी करप्रणाली स्वीकारलेल्या पालकास अपंग आश्रितासाठी ७५,००० रुपयांची, तर ८० टक्के व त्यावरील अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची आयकर वजावट मिळते. शासकीय सेवेतील चार टक्के आरक्षणात मनोविकाराचा समावेश २०१६ च्या अधिनियमाने केला आहे. बरे झालेल्या पदवीधर रुग्णांनी तो पाहावा.

मनोविकार कमीजास्त होणारा असल्याने दाखला बहुधा ठराविक मुदतीचा दिला जातो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर आधारलेली प्रत्येक सवलत अडू शकते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज दोनतीन महिने आधीच करावा. आजार दीर्घ काळ न बदलता राहिला असेल तर कायमच्या दाखल्याची मागणी त्याच अर्जात करण्यास हरकत नसते, आणि ती मागणी करताना मागील दाखल्यांच्या प्रती सोबत जोडाव्यात.